फ्रीजरमधले चाळीस नमुने आणि सुप्त कासदाहाचा मार्कर

प्रश्न थोडक्यात असा. विचारणाऱ्या बाई पशुवैद्यक आहेत, पदव्युत्तर अभ्यास चालू आहे आणि काम रत्नागिरी जिल्ह्यात आहे. सुप्त कासदाहात दूध डोळ्यांना ठीक दिसतं, पण कासेत आतून दाह चालू असतो. गायी-म्हशींमधला असा दाह दुधातल्या प्रथिनांवरून लवकर ओळखता येईल का, हे त्यांना बघायचंय. दुधाचे चाळीसेक नमुने घरच्या डीप फ्रीजरमध्ये ठेवलेत. विचारलंय ते एवढंच: कोणत्या मशीनवर (म्हणजे मास स्पेक्ट्रोमीटरवर, प्रथिनांच्या तुकड्यांची वजनं मोजून ती ओळखणाऱ्या यंत्रावर) चालवू, किती प्रथिनं सापडतील, आणि मार्कर, म्हणजे रोगाची खूण ठरेल असं प्रथिन, निघेल का?

मशीनचं मी शेवटी सांगतो, कारण त्यानं सगळ्यात कमी फरक पडतो. दूध आणि रक्तजल यांच्यावर बरीच वर्षं काम केल्यावर माझं मत असं झालंय की प्रथिनांचा अभ्यास बिघडतो तो गोठ्यात, नमुना घेताना आणि तो घेण्याआधी. मशीन फक्त तो बिघाड मोठ्या अचूकतेनं मोजून देतं.

तर पहिला प्रश्न मीच तुम्हाला विचारतो. उत्तर हातात आल्यावर गोठ्यात तुम्ही काय वेगळं कराल? ‘दाह आहे की नाही’ एवढंच कळायला हवं असेल, तर सीएमटी, म्हणजे कॅलिफोर्निया मॅस्टायटिस टेस्ट, आहेच. पॅडलमध्ये, म्हणजे चार वाट्यांच्या ताटलीत, दूध घ्यायचं, द्रावण घालायचं आणि फिरवायचं. द्रावणातल्या डिटर्जंटनं दुधात आलेल्या पांढऱ्या पेशी फुटतात, त्यातला डीएनए बाहेर येतो आणि दूध चिकट होतं. खर्च नगण्य, उत्तर तिथल्या तिथे. डेअरीत पेशी मोजायची सोय असली तर गायीसाठी मिलिलिटरला २ लाख ही मर्यादा सर्रास धरतात (म्हशीला ती डोळे मिटून लावू नका). याच्याशी स्पर्धा करायला कोट्यवधींचं यंत्र नको. पण सीएमटीला काही गोष्टी सांगता येत नाहीत. जंतू कोणता, हा दाह आपोआप ओसरेल की मुरेल, औषध दिल्यावर तो खरंच संपला की फक्त दूध साफ दिसायला लागलं, आणि भाकड काळात या जनावराच्या कासेत प्रतिजैविक भरायचं की नाही. यातला एकच प्रश्न निवडा. चारही घेतलेत तर चाळीस काय, चारशे नमुनेही पुरणार नाहीत.

तुमच्या प्रश्नात दोन गोष्टींची सरमिसळ झाल्यासारखी वाटते, म्हणून इथे थोडं थांबतो. जंतू शोधणं वेगळं आणि शरीर त्याला काय उत्तर देतंय हे बघणं वेगळं. जंतू हवा असेल तर कल्चर (जंतू वाढवून बघणं) किंवा पीसीआर (त्याची जनुकं शोधणं). कोळंबीच्या तळ्यांचंच बघा. पांढऱ्या ठिपक्यांच्या विषाणूच्या आवरणावर व्हीपी२८ नावाचं प्रथिन मोठ्या प्रमाणात असतं, त्यावर भरपूर काम झालंय. तरी खाडीकाठच्या तळेवाल्याला कोळंबी आज काढायची की उद्या हे ठरवायचं असतं, आणि त्याला पीसीआरचा निकालच उपयोगी पडतो. प्रथिनांची लांबलचक यादी त्याच्या काही कामाची नाही. जनुकं एका जनावराच्या सगळ्या पेशींत जवळपास तीच असतात. प्रथिनं मात्र तासातासाला बदलतात, कुठली पेशी काय करतेय ते दाखवतात. म्हणून ‘शरीरात आत्ता काय चाललंय’ हा प्रश्न असेल तेव्हाच या वाटेला जावं.

या सगळ्यात प्रथिनांचं एक विश्लेषण मात्र तुम्हाला नक्की उपयोगी पडेल, आणि त्याचा तुम्ही उल्लेखच केलेला नाही. माल्डी-टॉफ. कल्चरमध्ये वाढलेल्या वसाहतीचा ठिपका लावला की जंतूच्या, मुख्यतः रायबोसोममधल्या, प्रथिनांच्या वजनांचा ठसा मिळतो. त्यावरून प्रजाती काही मिनिटांत ओळखता येते. स्टॅफिलोकोकस ऑरियस आणि त्याचे सौम्य भाऊबंद वेगळे करायला इतकं सोयीचं दुसरं साधन मला माहीत नाही. मोठ्या रुग्णालयांच्या सूक्ष्मजीव विभागांत हे यंत्र असतं. ओळख काढा, वसाहती पाठवा. पुढचा सगळा अभ्यास जंतूच्या या ओळखीवर उभा राहणार आहे.

आता मार्करकडे वळू. दाह झालेल्या सडाचं दूध आणि निरोगी सडाचं दूध शेजारी ठेवलंत तर वर काय येईल, ते नमुना न बघता लिहून देतो. रक्तातून झिरपलेली सीरम अल्ब्युमिन, ट्रान्सफेरिन आणि इम्युनोग्लोब्युलिन. पांढऱ्या पेशींनी आणलेली कॅथेलिसिडिन आणि एस१०० कुळातली एस१००ए८, एस१००ए९. कासेतच वाढणारी लॅक्टोफेरिन, हॅप्टोग्लोबिन आणि सीरम अमायलॉइड ए, त्यातही कासेत तयार होणारा त्याचा ए३ हा प्रकार. उलट केसीन, अल्फा-लॅक्टअल्ब्युमिन आणि बीटा-लॅक्टोग्लोब्युलिन खाली जातील, कारण दूध बनवणाऱ्या पेशीच मार खातात. हे सगळं खरं आहे, आणि सगळं आधीच माहीत आहे. या यादीचा अर्थ ‘दाह आहे’ एवढाच, आणि ते पॅडलनंही सांगितलं असतं.

यातली मेख अशी. ई. कोलायसारखा जंतू कासेत गेला की शरीर आरडाओरडा करतं आणि वरची सगळी प्रथिनं काही तासांत उसळतात. पण ती गाय तुमच्याकडे तशीही येणार, कारण कास सुजलेली असते, ताप असतो आणि शेतकरी स्वतःच फोन करतो. सुप्त कासदाहात वर्षभर ठाण मांडून बसतो तो बहुतेक वेळा स्टॅफिलोकोकस, आणि त्याला शरीराचं उत्तर मिळमिळीत असतं. म्हणजे जिथे मार्करची खरी गरज, तिथेच इशारा सर्वांत क्षीण. पुष्कळ अभ्यास पहिल्या प्रकारच्या गायी घेऊन झोकात निकाल देतात आणि दुसऱ्या प्रकारच्या गोठ्यात आपटतात. तुमचा ‘आजारी’ गट म्हणजे कोण, हे नमुना घेण्याआधी जंतूच्या नावासकट ठरवून ठेवा.

कोकणात याला आणखी एक पदर आहे, आणि तो बाहेरच्या पुस्तकांत बाजूला पडतो. पावसाळ्यात गायीचं दूध एकदम तुटतं. चारही सडांतून घट्टसर, पिवळट, चिकासारखं, कधी रक्ताची छटा असलेलं दूध येतं, पण कास मऊ, ढिली लागते. दगडी म्हणतात तशी घट्ट नसते. असं दिसलं की लेप्टोस्पायरोसिसचा संशय घ्या. सीएमटी यातही होकारार्थी येऊ शकते आणि अशी गाय गुपचूप तुमच्या कासदाहाच्या गटात जाऊन बसते. जोडीचे रक्तजल नमुने घ्या, पहिला तेव्हाच आणि दुसरा दोनेक आठवड्यांनी, आणि त्यांची एमएटी, म्हणजे लेप्टोविरुद्धची प्रतिपिंडं मोजणारी चाचणी, करून घ्या. आणि ताई, अशा गोठ्यात हातमोजे आणि गमबूट घातल्याशिवाय शिरू नका. लेप्टो मुतातून पसरतो, आणि आपल्याकडे तो माणसांनाही सोडत नाही.

तुलना कुणाची कुणाशी करायची, यावर सगळ्यात जास्त विचार करा. निरोगी गाय विरुद्ध आजारी गाय, ही तुलना दिसायला सोपी आहे पण तिच्यात खड्डे फार. बीटा-लॅक्टोग्लोब्युलिनचे ए आणि बी असे दोन सर्रास आढळणारे प्रकार आहेत, त्यांच्यात दोन जागी अमिनो आम्लं वेगळी असतात. बीटा-केसीनचं ए१ आणि ए२ तर आता जाहिरातीवाल्यांनाही पाठ झालंय. तिथे फरक ६७ व्या जागेचा, हिस्टिडीन की प्रोलीन एवढाच. देशी गुरांत आणि म्हशींत बहुतांश ए२, संकरित गायींत दोन्ही. तुमच्या आजारी गटात योगायोगानं संकरित जास्त आणि निरोगी गटात कोकण कपिला जास्त असल्या, तर मशीन तुम्हाला सुंदर फरक काढून देईल. तो फरक जातीचा असेल, रोगाचा नसेल.

म्हणून मी शक्यतो एकाच जनावराचे दोन सड घेतो. एक दाह झालेला आणि एक साफ, धार एकाच वेळी काढलेली. जात, वेत, चारा, विण्यापासूनचे दिवस, हवामान, मालकाची पद्धत हे सगळं आपोआप सारखं होतं. शेजारच्या सडावर आजारी सडाची थोडी सावली पडते हे खरं, त्यामुळे फरक जरा कमी दिसतो. पण दिसतो तो भरवशाचा. शिवाय पूर्ण निरोगी अशी थोडी जनावरं वेगळी घ्या, म्हणजे ती सावली किती हेही कळेल. म्हैस आणि गाय एका गटात घालू नका. दोन्ही हव्यात असा मार्गदर्शकांचा आग्रह असेल, तर ते दोन स्वतंत्र अभ्यास समजा.

ऋतूचं भान ठेवा. मे महिन्यात सुका पेंढा, उकाडा, आटलेलं दूध. ऑगस्टमध्ये हिरवं गवत, चिखल, ओली जमीन. निरोगी नमुने सुट्टीत मे महिन्यात घेतले आणि आजारी नमुने पावसात मिळाले, असं फार वेळा होतं. मग तुम्ही उन्हाळा आणि पावसाळा यांची तुलना केलेली असते.

धार काढताना सड धुवा, कोरडा करा, स्पिरिटच्या बोळ्यानं पुसा, पहिल्या तीन-चार धारा सोडून द्या. आपल्याकडे पान्ह्यासाठी वासरू आधी लावतात. लावलं असेल तर किती वेळ, ते लिहून ठेवा. पान्ह्याचं इंजेक्शन दिलं असेल तर तेही विचारून लिहा. मालक लगेच सांगत नाही, जरा गोडीनं विचारावं लागतं. विण्यानंतरचे पहिले काही दिवस आणि आटायला आलेलं दूध, दोन्ही वगळा. चिकात इम्युनोग्लोब्युलिन इतकं असतं की बाकी सगळं झाकून जातं, आणि आटत्या दुधात पेशी तशाही वाढलेल्या असतात. कल्चरची नळी आधी भरा, प्रथिनांची नंतर. पेशी मोजण्यासाठी डेअरीवाले ब्रोनोपॉल घातलेल्या बाटल्या देतात, त्यातलं दूध कल्चरला चालत नाही, कारण ब्रोनोपॉल जंतूच मारतं.

आता तुमच्या फ्रीजरविषयी. हे ऐकायला बरं वाटणार नाही. दूध पेशींसकट गोठवलंत, की बर्फाच्या स्फटिकांनी पेशी फुटतात आणि त्यांच्या पोटातली कॅथेलिसिडिन, इलास्टेज वगैरे दुधात सांडतात. मग जे प्रथिन पेशीनं कासेत असताना सोडलं आणि जे तुमच्या फ्रीजरनं सोडलं, ते वेगळं करता येत नाही. त्यात दुधातलं प्लाझ्मिन हे विकर केसीन चिरत राहतं, आणि दाहाच्या दुधात त्याचा जोर जास्त असतो. फ्रॉस्ट-फ्री प्रकारचा फ्रीजर असेल तर तो बर्फ साचू नये म्हणून अधूनमधून स्वतःला तापवतो, म्हणजे नमुना थोडा विरघळतो आणि पुन्हा गोठतो. वर आपली पावसाळ्यातली लाईट. गेली की कधी येईल सांगता येत नाही, आणि आपण घरी नसलो तर गेली होती हेही कळत नाही. यावर साधा उपाय आहे. एका पेल्यात पाणी गोठवा, बर्फावर एक रुपयाचं नाणं ठेवा आणि पेला नमुन्यांशेजारी ठेवून द्या. नाणं बुडालेलं दिसलं की समजायचं, मधे सगळं वितळून पुन्हा गोठलंय.

पुढच्या वेळी असं करा. नळ्या आधीच बर्फात गार करून न्या. बर्फाची आपल्याकडे ददात नाही. हर्णै असो की मिरकरवाडा, बंदरावर चुरा केलेला बर्फ मागाल तेवढा मिळतो, थर्माकोलची पेटीही मिळते. मीठ घातलेला बर्फ मात्र घेऊ नका. मिठानं तापमान शून्याच्या बरंच खाली जातं आणि दूध वाटेतच अर्धवट गोठतं, म्हणजे पुन्हा पेशींचा तोच गोंधळ. त्याच दिवशी, जमल्यास दोन-तीन तासांत, जवळच्या दवाखान्यातल्या सेंट्रिफ्यूजवर फिरवा. वर साय येते, तळाला पेशी बसतात. साईच्या थराला सुईनं भोक पाडून मधलं निवळलेलं दूध हलकेच ओढून घ्या, छोट्या-छोट्या नळ्यांत वाटून ठेवा आणि मग गोठवा. एक नळी एकदाच वितळवायची. म्हशीच्या दुधात साय जाड असते, तिथे दोनदा फिरवावं लागतं. गायीच्या दुधासाठी लिहिलेली पद्धत जशीच्या तशी लावलीत तर स्निग्धांश उरतो आणि पुढे मशीनचा कॉलम (नमुना ज्यातून जातो ती बारीक नळी) तुंबतो.

उणे ८० चा फ्रीजर जवळ नसला तरी हातपाय गाळू नका. कृत्रिम रेतन जिथे होतं तिथे द्रव नायट्रोजनचा कंटेनर असतोच, आणि त्याचं तापमान उणे १९६ अंश. दवाखान्याच्या साहेबांची रीतसर परवानगी घेऊन एक वेगळा कॅनिस्टर मागा. वीर्यकांड्यांच्या कॅनिस्टरमध्ये घुसखोरी नको, कांड्या खराब झाल्या तर नाव तुमचं. नळ्या क्रायोच्याच, म्हणजे अतिथंडीत टिकणाऱ्या, घ्या आणि त्या द्रवाच्या वर, वाफेत राहतील अशा ठेवा. नळीत द्रव शिरला तर बाहेर काढल्यावर ती फुटू शकते. बंद गाडीतून कंटेनर नेताना काच खाली ठेवा. नळ्यांवर मार्कर पेननं लिहिलेलं टिकत नाही, शिसपेन्सिल टिकते.

प्रयोगशाळेत आल्यावर दुधाची मुख्य अडचण समोर येते. गायीच्या दुधातल्या प्रथिनांत ८० टक्के केसीन. उरलेल्या २० टक्क्यांतही बीटा-लॅक्टोग्लोब्युलिनसारखी दोन-तीन प्रथिनं सगळी जागा अडवून बसतात. तुम्हाला हवी ती प्रथिनं म्हणजे हर्णैच्या लिलावात बांगड्यांच्या ढिगाखाली गेलेली एखादी अंगठी. म्हणून केसीन बाजूला काढतात. आम्ल घालून पीएच ४.६ ला आणलं की ते साकळतं, किंवा अल्ट्रासेंट्रिफ्यूजमध्ये खाली बसवता येतं. आम्लानं साकळताना ते काही हवी ती प्रथिनंही सोबत ओढून नेतं. अल्ट्रासेंट्रिफ्यूज सौम्य, पण सगळीकडे नसतं. कोणती पद्धत चांगली यावर वाद घालत बसू नका. एक धरा आणि सगळ्या नमुन्यांना तीच लावा, शक्यतो एकाच आठवड्यात, एकाच हातानं.

मास स्पेक्ट्रोमीटरकडे जायच्या आधी प्रत्येक नमुना साध्या एसडीएस जेलवर चालवा, म्हणजे प्रथिनं वजनाप्रमाणे वेगळ्या पट्ट्यांत दिसतात. ही पायरी हल्ली लोक मागास समजून गाळतात, मला ते पटत नाही. जेलवर अल्फा-लॅक्टअल्ब्युमिन १४ किलोडाल्टनला (हे रेणूच्या वजनाचं एकक), बीटा-लॅक्टोग्लोब्युलिन १८ ला, त्यांच्या वर केसीनचे जाड पट्टे, ६६ ला सीरम अल्ब्युमिन, ८० च्या आसपास लॅक्टोफेरिन. केसीनच्या खाली नको तिथे तुकड्यांचे पट्टे दिसले, की नमुना चिरला गेलाय. असा नमुना महागड्या मशीनवर चढवू नका. जेल कुठल्याही पशुवैद्यकीय किंवा मत्स्य महाविद्यालयात होतं, शिरगावच्या मत्स्य महाविद्यालयात विचारून बघा.

मास स्पेकचं तत्त्व तुम्हाला माहीत असेल, तरी दोन ओळी. ट्रिप्सिन प्रथिनाला लायसीन आणि आर्जिनीन यांच्यानंतर कापतं. ते तुकडे द्रव-क्रोमॅटोग्राफीतून एकामागून एक येतात, इलेक्ट्रोस्प्रेनं त्यांच्यावर विद्युतभार चढतो (याच तंत्रासाठी जॉन फेन यांना २००२ च्या रसायनशास्त्राच्या नोबेलमध्ये वाटा मिळाला), आणि त्यांची वजनं मोजून संगणक डेटाबेसशी जुळवतो. शेवटच्या शब्दाकडे लक्ष द्या. जे डेटाबेसमध्ये नाही ते मशीनला दिसत नाही. गायीचा जीनोम २००९ साली प्रसिद्ध झाला, म्हशीचा चांगल्या दर्जाचा संच २०१९ मध्ये आला. म्हशीचं दूध असेल तर म्हशीचाच डेटाबेस लावा, सोबत गायीचा ठेवा. काही सुटू नये म्हणून सगळ्या सस्तन प्राण्यांचा एकत्र डेटाबेस टाकण्याचा मोह होतो. टाळा. जुळवण्यासाठी ढीग जितका मोठा, तितक्या खोट्या जुळण्या जास्त.

दूधवाल्यांनाच नडणारा एक सापळाही सांगून ठेवतो, कारण सेवा देणारी लॅब तो स्वतःहून सांगत नाही. सॉफ्टवेअरबरोबर भेसळीच्या प्रथिनांची एक तयार यादी येते. माणसाच्या त्वचेचं केराटिन, डुकराचं ट्रिप्सिन वगैरे. त्याच यादीत गायीची सीरम अल्ब्युमिन आणि केसीनही असतात, कारण इतरांच्या प्रयोगशाळेत ती खरोखरच भेसळ असते. सॉफ्टवेअर ती निमूट बाजूला टाकतं, आणि तुमच्या निकालात गायीच्या दुधातून गायीचंच अल्ब्युमिन गायब होतं. यादी उघडून गायीची नावं हातानं काढायला सांगा. केराटिन राहू द्या, ते नक्की तुमचंच किंवा धार काढणाऱ्याचं असतं.

आकडेवारीबद्दल थोडक्यात. १,००० प्रथिनं तपासलीत आणि ०.०५ ची नेहमीची मर्यादा लावलीत, तर काहीही फरक नसताना ५० प्रथिनं ‘बदललेली’ दिसतील. म्हणून बहुविध चाचण्यांची दुरुस्ती हवी, आणि ओळख पटवताना खोट्या जुळण्यांची मर्यादा १ टक्का. एका गायीचा नमुना तीनदा चालवला म्हणजे तीन गायी झाल्या नाहीत, हे परीक्षक पहिल्या पाचच मिनिटांत विचारतो. पैसे वाचवायला दहा गायींचं दूध एकत्र करून चालवण्याचा सल्लाही कुणी देईल. त्यात एकच फार आजारी गाय सगळ्या मिश्रणाला आपला रंग देऊन जाते आणि नंतर ती ओळखता येत नाही. नमुने मशीनवर चढवताना निरोगी-आजारी मिसळून, चिठ्ठ्या टाकून क्रम लावा. सोमवारी सगळे निरोगी आणि मंगळवारी सगळे आजारी असं झालं, तर फरक वाराचा निघतो.

उमेदवार प्रथिनं मिळाली की खरं काम सुरू होतं. तीन-चारच निवडा आणि ज्या गोठ्यांतून मूळ नमुने घेतले नाहीत अशा गोठ्यांत ती तपासा. हे एलायझानं (प्रतिपिंडं वापरून एकच प्रथिन मोजणाऱ्या चाचणीनं) करायचं तर किट गायीसाठी बनवलेलं असतं. म्हशीच्या दुधावर ते चालतं का, हे नमुना पातळ करत नेऊन बघा. मोजलेला आकडा त्याच प्रमाणात उतरत गेला तर ठीक, नाहीतर ते किट सोडा. हॅप्टोग्लोबिनबद्दल दोन सूचना. निरोगी गायीच्या रक्तात ते जवळपास नसतंच आणि दाहात प्रचंड वाढतं, म्हणून ते मोहात पाडतं. पण रक्तातलं हॅप्टोग्लोबिन कासेचं नाव सांगत नाही. गर्भाशयाचा दाह, खूर दुखणं, पोटात गेलेली तार, कशानंही ते वाढतं. शिवाय त्याचं कामच मोकळ्या हिमोग्लोबिनला धरण्याचं आहे आणि सर्रास वापरली जाणारी चाचणीही त्यावरच बेतलेली आहे. रक्त काढताना किंवा एसटीच्या धक्क्यांनी नमुन्यातल्या पेशी फुटल्या, तर तो आकडा विसरा. दुधातलं मोजलंत तर ते सडाच्या जास्त जवळचं. आणि शेवटी तुमच्या मार्करची गाठ त्याच जनावरांच्या सीएमटीशी आणि कल्चरशी घाला. त्याहून काही जास्त सांगत असेल तरच तो मार्कर.

आता मशीन. ऑर्बिट्रॅप असो की टाइम्स-टॉफ, मास स्पेकचे हे दोन्ही प्रकार चांगले, तुमच्या कामाला दोन्ही पुरून उरतात. पवईची आयआयटी किंवा पुण्याची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा अशा ठिकाणी चौकशी करा. दर आणि रांग आधी विचारा, आणि दुधावर आधी काम केलंय का हेही विचारा. मला ब्रँडपेक्षा हे उत्तर जास्त महत्त्वाचं वाटतं. किती प्रथिनं सापडतील? निवळलेल्या दुधातून काही शेकडा सहज, खोल काम केलंत तर हजाराच्या पुढे. पण आकड्याच्या मागे लागू नका. वीस जनावरांत दर वेळी दिसणारी दोनशे प्रथिनं, कधी दिसणाऱ्या आणि कधी न दिसणाऱ्या बाराशेंपेक्षा जास्त उपयोगी असतात.

फ्रीजरमधले चाळीस फेकू नका. त्यांच्यावर जेल बसवा, केसीन काढायची पद्धत घोटा, एलायझा पातळ करून बघा, म्हणजे नवे नमुने येतील तेव्हा हात बसलेला असेल. प्रबंधाचे निकाल मात्र त्यांच्यावर उभे करू नका. नव्या नमुन्यांसाठी मालकाची लेखी संमती घ्या, आणि रक्तही काढणार असाल तर संस्थेच्या प्राणी नैतिकता समितीची परवानगी आधी. जनावरं किती घ्यावीत हे तुमच्या प्रश्नावर आणि खिशावर ठरतं. जोडीचे सड असलेली वीस-पंचवीस जनावरं, सगळी एकाच जातीची आणि जंतूचं नाव माहीत असलेली, एवढं जमलं तरी शोधाच्या पहिल्या टप्प्याला ते ठीक आहे. विधान त्याच बेतानं करा.

पुढचं नेमकं सांगायला मला इतकं कळवा: चाळीसपैकी गायी किती आणि म्हशी किती, कोणत्या सडाचा नमुना ते लिहिलंय का, कल्चर कितींचं झालंय, आणि फ्रीजर फ्रॉस्ट-फ्री आहे की साधा. साधा असेल आणि सड लिहिलेले असतील, तर त्यातल्या काहींचं हॅप्टोग्लोबिन मोजून बघण्यासारखं आहे.